माहेरपणाला आलीय

२०२४ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो आणि त्या वयात मी पोलिसासमोर माझ्या पोटच्या मुलीला खोटं पाडलं. त्या वेळी मला तसं वाटलं नव्हतं. मला वाटत होतं, मी घराची अब्रू राखतोय.

माझी शाळा चौथीपर्यंत. मैंदर्गीहून सोलापूरला आलो, यंत्रमागावर लागलो आणि पुढं जेकार्डवर, म्हणजे नक्षीच्या मागावर, चादरी काढायला लागलो. चादरीवर मोर उठतो, फूल उठतं, ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना पाडलेल्या भोकांवरून. त्या पट्ट्या मी हातानं पाडायचो. एक भोक चुकलं तर मोराला दोन माना फुटतात. माझ्या मोराला कधी फुटल्या नाहीत, हे आजही मी कुणालाही ताठ मानेनं सांगतो. मुलगी लहान असताना शेजारी बसून भोकं मोजायची. मोठी झाल्यावर तिनं तेच काम कॉम्प्युटरवर धरलं. परदेशातल्या एका कंपनीसाठी ती पडद्यांची, टॉवेलांची नक्षी काढते. कंपनी तिकडं, ती इथं, आमच्या पूर्व भागातल्या दोन खोल्यांत. मी सुरुवातीला म्हणायचो, घरात बसून कसलं काम करतीस? ती म्हणायची, "आप्पा, तुमी तरी मागाजवळ बसूनच करत होता की."

तिला आम्ही जेऊरला दिली होती. तिथलं नांदणं तिला जमलं नाही. कारणं तिनं एकदाच सांगितली आणि मी पुन्हा विचारली नाहीत. तिची आई तोवर गेलेली. एका दुपारी ती रिक्षातून दोन बॅगा घेऊन उतरली तेव्हा समोरची अक्का उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिनं विचारलं, काय आप्पा, लेक आली का? मी म्हणालो, "व्हय, माहेरपणाला आलीय."

हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं. पण निघालं ते निघालं. महिना झाला, सहा महिने झाले. पुढं कोर्टाचा कागद होऊन ती रीतसर मोकळी झाली, तरी मी गल्लीत तेच सांगत राहिलो. कुणी विचारलं कधी जाणार, की मी म्हणायचो, जाईल आता सणानंतर. दिवाळी झाली की संक्रांत सांगायची, संक्रांत झाली की पाडवा. अशी अडीच वर्षं काढली. माझ्यासमोर लोक माना डोलवायचे. पण हाच प्रश्न ते नळावर, दुकानात, जिन्यात तिलाही विचारत होते, हे मी कधी मनावर घेतलं नाही.

मग तिनं एक दिवस सांगितलं, ती वर्षभर परदेशात जाऊन राहणार. नोकरी हीच, कंपनी हीच, फक्त बसायची जागा दुसरी. समुद्राकाठचा एक देश आहे, नाव मला अजून सरळ म्हणता येत नाही, तो अशा लोकांना लांब मुदतीचा व्हिसा देतो. अर्ज घरबसल्या कॉम्प्युटरवर भरायचा. मी म्हटलं, जा की, मी काय अडवलंय? म्हटलं खरं, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अर्जात मी मदत केली, खोटं कशाला बोलू. फोटो पांढऱ्या पडद्यासमोर पाहिजे होता. मी माझ्या हातची पांढरी चादर पेटीतून काढली, तिच्या मागं दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तिनं मोबाईल कपाटावर टेकवून फोटो काढला. कॉम्प्युटरनं तो परत पाठवला. का, तर कडेला माझी चार बोटं आली होती. ती हसायला लागली. म्हणाली, "तुमाला पण यायचंय का आप्पा?" दुसऱ्या वेळी खिळे ठोकले.

मग प्रश्न आले. एक असा होता की, आमच्या देशात का राहायचंय? तिनं काहीतरी इंग्रजीत लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंस?

"समुद्र आवडतो म्हणून."

"तू समुद्र बघितलायस कुटं?"

"शाळेच्या सहलीत. अर्धा तास."

मला हसू आलं. खरं कारण विचारावं असं काही सुचलं नाही.

एक एक कागद ती चढवत होती. कंपनीचं पत्र झालं, पगाराचे कागद झाले, विमा झाला. राहिला एकच, आपल्यावर कसला गुन्हा नाही असा पोलिसांचा दाखला. त्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करणार होते. अर्ज उघडल्यापासून ठराविक दिवसांत सगळे कागद चढले नाहीत तर तो आपोआप बंद होणार आणि त्या वर्षाच्या जागा तोवर संपलेल्या असणार, हे तिनं मला दोनदा समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

हवालदार आला त्या दिवशी ती नोटरीकडं गेली होती. त्यानं तिला फोन केला. ती म्हणाली, वडील घरात आहेत, कागद त्यांच्याजवळ काढून ठेवलेत, काही विचारायचं तर त्यांना विचारा, मी येतेच. इतका तिचा माझ्यावर विश्वास.

हवालदार तरुण होता, बोलायला चांगला. दारातच उभा राहिला. समोर अक्का विड्या वळत होती. शेजारचे चाचा रिक्षा पुसत होते, तेही फडकं हातात धरून बघायला लागले. पोलीस दारात म्हटल्यावर बघणारच. हवालदारानं विचारलं, मुलगी इथंच राहते ना?

मी अक्काकडं बघितलं. चाचांकडं बघितलं. आणि मुद्दाम मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "माहेरपणाला आलीय. तिचं घर जेऊरला."

तो घुटमळला. म्हणाला, "आजोबा, अर्जात तर लिहिलंय, अडीच वर्षं याच पत्त्यावर राहतात म्हणून."

त्या माणसानं मला सावरायला जागा दिली होती. ती मी घेतली नाही. मी म्हणालो, "पोरी काय, काहीपण लिहितात."

त्याला दोन शेजाऱ्यांचा जबाब लागत होता. अक्का म्हणाली, होय साहेब, माहेरपणालाच आलीय. चाचा म्हणाले, "हौ साब, मायके आई है." दोघांनी सह्या केल्या. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात काही नव्हतं. आप्पा म्हणतात तसं म्हणायचं, एवढंच. माझी बाजू राखायला म्हणून त्यांनी माझं खोटं आपल्या सहीनं पक्कं केलं. हवालदार गेल्यावर चाचांनी माझ्याकडं बघून मान हलवली, जशी एखाद्याचं काम केल्यावर हलवतात. मीही हलवली.

ती धापा टाकत आली. काय विचारलं? मी म्हणालो, काय न्हाय, नाव-गाव. तिनं मला चहा करून दिला. मी तो प्यालो.

मी काय केलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं का? पुरतं नाही. पण थोडं कळलं होतं. अब्रूच्या खाली आणखी एक गोष्ट होती. पोरगी गेली की या दोन खोल्यांत मी आणि भिंती. कागद अडकला तर अडकू दे, असं मनाच्या कोपऱ्यात कुठंतरी होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, स्वतःलासुद्धा.

आठवडा गेला आणि दुपारी तिच्या मोबाईलवर निरोप आला. पोलिसांचा अहवाल विरुद्ध गेला, दिलेल्या पत्त्यावर राहत नाही म्हणून दाखला नाही. तिनं तो दोनदा वाचला. मग म्हणाली, हे जेऊरच्यांचंच काम. त्यांनीच कुणाला तरी सांगितलं असणार.

मी म्हणालो, असेल.

एवढा एकच शब्द. आणि त्या शब्दावर तिनं तिच्या आधीच्या नवऱ्याला फोन लावला. कोर्टाचा कागद झाल्यापासून तिनं त्याचा आवाज ऐकला नव्हता. मी आतल्या खोलीच्या दारात उभा होतो. ती आधी तावात बोलली, मग तिचा आवाज बसत गेला. पलीकडून तो हसत होता, ते मला तिथपर्यंत ऐकू येत होतं. शेवटी तीच म्हणाली, ठीक आहे, माफ करा, माझी चूक झाली. ज्याच्या घरातून ती दोन बॅगा घेऊन निघाली होती, त्याची तिनं माफी मागितली. माझ्यापायी.

फोन ठेवल्यावर ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मी खाटेवर बसलो होतो. दिवेलागणीची वेळ, पण तिनं दिवा लावला नव्हता. मी म्हणालो, जेऊरच्यांनी काही केलेलं न्हाय. हवालदाराला मी सांगितलं. अक्कानं आणि चाचांनी माझ्या मागोमाग तेच सांगितलं. आणि काय सांगितलं तेही सांगितलं, पोरींबद्दलच्या त्या वाक्यासकट.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, ते मला जमतं. ती समोर स्टुलावर बसली.

"आप्पा, मी कुटं राहते?"

"हितं."

"मग एवढं सांगायला काय झालं होतं?"

मी दाराबाहेर, अक्काच्या उंबऱ्याकडं बघितलं. तीच पुढं बोलली.

"हितं मला रोज कुणीतरी विचारतंय, कधी जाणार म्हणून. अडीच वर्षं. तितं मला कुणी वळखत न्हाय, तितं कुणी विचारणार न्हाय. म्हणून जायचं होतं. समुद्राचं काय घेऊन बसलाय."

मी विचारलं, आता काय करता येईल? तिनं सांगितलं, मुदतीला नऊ दिवस आहेत. पोलीस ठाण्यात वडिलांचा लेखी जबाब, त्याच दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि त्यात आधीचं चुकीचं होतं असं कबूल केलेलं, म्हणजे चौकशी पुन्हा होते. सांगून ती उठली आणि दिवा लावता लावता म्हणाली, "राहू द्या. तुमाला न्हाय जमायचं ते."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. नुसतं सांगितलं. हे भांडं वरच्या फळीवर आहे, तुमचा हात पोचणार नाही, असं सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती उठायच्या आधी उठलो. तिच्या वहीतला एक कागद घेतला आणि चौथीच्या अक्षरात लिहायला बसलो. असले कागद लोक कुणा शिकलेल्याकडून लिहून घेतात, मी घेतला नाही. तीन कागद फाडले. चौथा जमला. अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि समोर गेलो. अक्का नुकतीच सूप घेऊन बसत होती. मी चाचांना हाक मारली. ते दात घासत आले. मी म्हणालो, तुमची सही पायजे, दोघांची. पण आधी ऐका, मग करा. अक्का म्हणाली, बसा तरी आप्पा. मी बसलो नाही. वरच्या जिन्यात दोघी-तिघी बायका पाणी भरत होत्या, त्या थांबल्या. मी चष्मा लावला आणि मागाच्या खडखडाटात हाका मारायची सवय लागलेल्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "माझी मुलगी माहेरपणाला आलेली नाही."