कपाळावरच्या बटेतलं जस्त

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एकवीस वर्षं ती नमुने तयार करत होती, आणि एकवीस वर्षांत तिनं एकाही नमुन्याला बोट लावलं नव्हतं. केस असोत, नखं असोत, तळ्यातला गाळ असो की जुन्या खापराचा चुरा, सगळं प्लॅस्टिकच्या चिमट्यानं उचलायचं. कामावर येताना बोटात अंगठी नाही, केसांना तेल नाही, चेहऱ्याला पावडर नाही. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी ती त्याला दम भरायची, "अंगठीचं सोनं नमुन्याला घासलं तर तुम्हाला-मला दिसणार नाही. यंत्राला दिसतं. मग बसा शोधत, या चिखलात सोन्याची खाण कुठून आली ते!"

शेजारच्या इमारतीत संशोधनासाठीची एक छोटी अणुभट्टी होती. चिमटाबाईनं धुऊन, वाळवून, तोलून इवल्याशा नळीत बंद केलेला नमुना तिथे जाई. भट्टीत त्याच्यावर न्यूट्रॉनचा मारा होई. बाहेर आल्यावर त्यातली मूलद्रव्यं काही काळ किरण सोडत राहत, आणि प्रत्येकाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असे. शिशाच्या विटांच्या आडोशाला ठेवलेलं यंत्र ते किरण मोजी आणि पडद्यावर टोकदार सुळके उभे राहत. सुळका कुठल्या आकड्यावर आहे त्यावरून धातू कोणता ते कळायचं, आणि केवढा आहे त्यावरून किती ते. चिमटाबाईचं शिक्षण शाळेपुरतंच, पण हे सुळके तिला गल्लीतल्या घरांसारखे पाठ होते. एक हजार एकशे पंधरावर जस्त राहतं, हे तिनं झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

त्या वर्षी प्रयोगशाळेत जस्ताचंच काम चाललं होतं. लोखंडी पत्र्यांना जस्ताचा मुलामा देणाऱ्या एका कारखान्यातल्या कामगारांचे केस तपासायचे होते. तुलनेसाठी धातूच्या वाऱ्यालाही उभी न राहिलेली तीस माणसं हवी होती. विभागाच्या मॅडम स्वभावानं चांगल्या, पण शब्दाला फार तिखट. त्या म्हणाल्या, "चिमटाबाई, तुमच्या ओळखीत बघा ना कुणी. म्हातारी माणसं कमी पडताहेत."

चिमटाबाईच्या घरातच एक होते. तिचे सासरे, वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर एका नाटकगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवलेले. अजूनही रोज सकाळी खिडकीत बसून तासभर वाजवायचे, आणि समोरचा शिंपी त्यावरून दुकान उघडायची वेळ ठरवायचा. डोक्यावर दाट पांढरे केस आणि कपाळावर एक बट, जिचा त्यांना मोठा तोरा.

"केस द्यायचे? अणुभट्टीत?" सासरे हरखलेच. "घे सूनबाई, हवे तेवढे घे. फक्त शोभा जाऊ देऊ नकोस."

तिनं कात्रीनं बटेच्या आतल्या बाजूचे थोडे केस कापले आणि पाकिटावर क्रमांक टाकला. सव्वीस.

केस कापून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, म्हातारबुवा खुर्चीतून टेबल धरून उठले.

"पाय दुखतात का बाबा?"

"दुखले असते तर बरं होतं ग. कळतच नाहीत. पायाखाली कुणीतरी कापूस अंथरून ठेवल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांना दाखवून झालं होतं. वय झालं, चालायचंच, असं ते म्हणाले होते. पण गेल्या चार महिन्यांत सासरे दोनदा पडले होते. चालताना नजर जमिनीवर. अंधारात तर भिंतीचा हात सोडत नसत.

केसांचं काम घाईचं नसतं. भट्टीतून आलेले नमुने तीन आठवडे तसेच ठेवावे लागतात, कारण सुरुवातीला सोडियमसारखी मंडळी इतका गोंगाट करतात की जस्ताचा आवाज ऐकूच येत नाही. ती थकून गप्प बसली, की मग मोजायचं. चौथ्या आठवड्यात आकडे आले. साध्या माणसांच्या एक किलो केसांत दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅम जस्त. कारखान्यातल्या कामगारांच्या तीनशेच्या आसपास. आणि सव्वीस क्रमांकात नऊशेचाळीस.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला. "हा काढून टाकू या. नमुना खराब झालाय."

"कुठे झाला?"

"आता मी काय सांगू? हात लागला असेल, कात्री लागली असेल."

चिमटाबाईला ते चांगलंच झोंबलं. तिचा हात? घरी गेल्यावर तिनं स्वयंपाक केला, तो नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्ला, कारण मीठ दोनदा पडलेलं होतं. शेवटी त्यानं विचारलं, "झालं काय?"

"तुझ्या वडलांच्या डोक्यात जस्त आहे."

"मला वाटलं होतं, संगीत आहे," नवरा म्हणाला आणि पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. "पुन्हा करायचा आहे सव्वीस. माझ्या वेळात करते. खराब असेल तर का खराब आहे, ते तरी कळू दे."

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "का, एवढं मनाला लागलं?"

"लागलं थोडं. पण ते सोडा. नऊशेचाळीस आले कुठून, याचंच डोक्यात चाललंय."

या उत्तरानं मॅडम थोड्या विरघळल्या असाव्यात. त्यांनी भट्टीच्या यादीत दोन जागा दिल्या, आणि एक गोष्ट शिकवली. "एकाच जागचे केस घेऊ नका. बटेचे घ्या आणि मानेवरचे घ्या. रक्तातून आलेलं जस्त सगळीकडे सारखं असेल. बाहेरून लागलेलं तसं नसणार."

पुन्हा कात्री, पुन्हा धुणं, पुन्हा तीन आठवडे. या वेळी मानेवरच्या केसांत निघाले दोनशेदहा. बटेत मात्र हजाराच्या वर.

"म्हणजे बाहेरचंच," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"बाहेरचं आहे, पण माझ्या हातचं नाही. माझा हात लागला असता तर दोन्हीकडे लागला असता."

"तेही खरं," मॅडमनी कबूल केलं. "मग शोधा."

चिमटाबाईनं घर धुंडाळायला घेतलं. कोंडा घालवायच्या शाम्पूत जस्त असतं, हे तिला माहीत होतं. पण सासरे जन्मात शाम्पूच्या वाटेला गेले नव्हते. त्यांचा साबण पाहिला, कंगवा पाहिला, टोपीचं अस्तर उसवून पाहिलं. नळाच्या जस्ती पाइपातून येणारं पाणी बाटलीत भरून नेलं, त्यात नाव घेण्यासारखं काही नव्हतं. "सून आहे की पोलीस?" सासरे कुरकुरले. पण तेही या खेळात रंगले होते. रोज संध्याकाळी ती घरात शिरली की विचारायचे, "सापडला का चोर?"

चोर सापडला तो रविवारी सकाळी. ती बाथरूमजवळून कपड्यांची बादली घेऊन जात होती. दार अर्धवट उघडं होतं. सासरे आरशापुढे उभे होते, वरची कवळी हातात. एका ट्यूबमधून त्यांनी कवळीवर गुलाबी पेस्टची जाड रेघ काढली, मग दुसरी, मग तिसरी. कवळी तोंडात बसवली. कडेनं पेस्ट बाहेर आली, ती बोटानं पुसली. आणि त्याच बोटानं कपाळावरची बट ऐटीत मागे फिरवली.

चिमटाबाईच्या हातून बादली सुटली.

"बाबा! रोज असंच करता?"

सासरे दचकून वळले. चोरी पकडली जावी तसा त्यांचा चेहरा झाला. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी सांगितलं, तेही तिच्याकडे न बघता. कवळी दहा वर्षांची. जबडा झिजला, कवळी सैल झाली. क्लॅरिनेट धरताना वरचे दात त्याच्या तोंडावर टेकवायचे असतात. दात हलले की सूर घसरला. दोन वर्षांपूर्वी जुन्या मित्रांच्या मेळाव्यात वाजवताना कवळी निसटून पडली होती. लोक हसले नाहीत. "हसले असते तर चाललं असतं ग," सासरे म्हणाले, "त्यांनी माना खाली घातल्या."

तेव्हापासून पेस्ट. आधी थोडी, मग जास्त, मग सकाळ-संध्याकाळ. त्यांनी पलंगाखालची चपलांची खोकी पुढे ओढली. आत रिकाम्या ट्यूबा, नीट रचलेल्या, कारण कचऱ्यात टाकल्या तर कुणाला दिसतील.

"एक ट्यूब किती दिवस पुरते?"

"दोन. कधी तीन."

चिमटाबाईनं ट्यूबवरची बारीक अक्षरं भिंग घेऊन वाचली. वाटाण्याएवढी पेस्ट घ्यावी, असं लिहिलं होतं. घटकांच्या यादीत एक जस्ताचा क्षार होता.

सोमवारी पेस्टचा कणभर नमुना भट्टीत गेला. त्याला तीन आठवडे लागले नाहीत. जस्त इतकं होतं की दुसऱ्याच दिवशी त्याचा सुळका पडद्याच्या माथ्याला भिडला. शेजारच्या टेबलावरचा तंत्रज्ञही उठून बघायला आला.

मॅडम मात्र सुळक्याकडे बघत नव्हत्या. "चिमटाबाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बटेला लागलं त्याचं सोडा. बाकीची पेस्ट कुठे जाते?"

क्षणभर चिमटाबाईला प्रश्न कळला नाही. मग कळला. "पोटात."

"दोन वर्षं. त्यांची तब्येत कशी आहे?"

तिनं कापसाचं सांगितलं, भिंत धरून चालण्याचं सांगितलं. मॅडम उठल्या, कपाटातून दोन-तीन जाडजूड पुस्तकं काढून चाळत बसल्या, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "जस्त अति झालं की आतडी तांबं आत घेईनाशी होतात. आणि तांबं नसलं की रक्त कमी पडतं, नसा बिघडतात. पायांपासून सुरुवात होते. मी डॉक्टर नाही. पण त्यांच्या रक्तातलं तांबं मोजायलाच हवं."

"मग करू या ना. भट्टीत..."

"भट्टीत नाही. आपण तीन आठवडे थांबतो ना? तांब्याचे किरण तेवढे टिकतच नाहीत, दोन-चार दिवसांत विझतात. इथे रसायनवाल्यांचंच काम."

म्हणून मग डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन रक्त गेलं ते रुग्णालयाच्या रसायन विभागात. तिथे ते ज्वाळेत फवारतात, आणि तांबं ठराविक प्रकाश किती शोषतं त्यावरून त्याचा हिशेब लावतात. चिमटाबाईला हे यंत्र नवीन होतं. तिथल्या बाईंना तिनं इतके प्रश्न विचारले, की त्यांनी शेवटी तिला स्टूलच दिलं. उत्तर आलं तेव्हा ती त्याच स्टुलावर होती. रक्तात जस्त नेहमीच्या दुपटीहून जास्त. तांबं जवळजवळ नाहीच.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. भला माणूस होता, सासऱ्यांकडे वळून सरळ म्हणाला, "आजोबा, मी वयावर ढकललं, चुकलो. ही पेस्ट आजपासून बंद."

"आणि दात?"

"नवीन करून घ्या."

"आणि पाय?"

"तांब्याचं औषध देतो. रक्त लवकर सुधारेल. पायांचं खात्रीनं सांगता येत नाही. नसा किती परत येतात, ते बघावं लागेल."

घरी येताना रिक्षात सासरे म्हणाले, "एवढी लाज वाटून घेतली नसती, तर बरं झालं असतं, नाही का?"

चिमटाबाईनं त्यांचा हात धरला, एवढंच. नंतर तिनं स्वतःलाही पुष्कळ बोल लावले. गावभरच्या लोकांची नखं आणि केस मी तोलत बसते, आणि माझ्याच घरातला माणूस दारामागे काय करतो, ते मला माहीत नाही.

नवी कवळी बसायला दीड महिना लागला. तेवढे दिवस गल्लीत क्लॅरिनेट वाजलं नाही, आणि शिंप्यानं शेवटी घड्याळ विकत घेतलं. चार महिन्यांत रक्त सुधारलं, चेहऱ्यावर तजेला आला. हातांना मुंग्या येत होत्या, हे त्यांनी सांगितलंही त्या गेल्यावरच. पाय अर्धेच परतले. कापूस थोडा पातळ झाला, असं सासरे म्हणत. काठी मात्र कायमची आली. नव्या दातांवर सूर लावायला त्यांना पुन्हा शिकावं लागलं. पहिले काही दिवस बदक ओरडल्यासारखा आवाज निघे, आणि तेच सगळ्यांच्या आधी हसत.

कारखान्याचा अहवाल लिहायची वेळ आली. सव्वीस क्रमांक यादीतून काढावाच लागला, त्याला इलाज नव्हता. पण मॅडमनी खाली एक लांबलचक टीप जोडली: हा नमुना का वगळला, त्याचा शोध कुणी आणि कसा घेतला. टीप वाचायला देताना त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताबद्दल बोलले, ते मागे घेते."

"बाहेरून लागलंय, हे तुमचं बरोबरच होतं की," चिमटाबाई म्हणाली.

केस देणाऱ्यांकडून भरून घ्यायचा फॉर्म मॅडमनी तिलाच नव्यानं लिहायला सांगितला. तिनं त्यात अकरा प्रश्न वाढवले. कवळी आहे का, ती कशानं चिकटवता, किती दिवसांत किती ट्यूबा लागतात. शेवटचा प्रश्न मॅडमना जरा विचित्र वाटला, पण त्यांनी तो तसाच ठेवला: सकाळी उठल्यापासून तुमचा हात कशाकशाला लागतो, ते क्रमानं सांगा.

लोक उत्तरं द्यायला बसले, की अर्धा-अर्धा तास उठत नाहीत. चिमटाबाई पेन खाली ठेवून ऐकत राहते.