हळदीकुंकवातले स्टोनफ्लाय

सत्तरी ओलांडलेल्या एका बाईवर मी माझा दोष ढकलला आणि चार वर्षं गप्प राहिलो. ज्या पाहुण्यांसमोर हे घडलं, त्यांनाही ते कळलं नाही. कळू नये अशीच मी व्यवस्था केली होती.

अमेरिकेत, बॉथेलमधल्या आमच्या घराशेजारी ती एकटी राहते. आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली. ट्राउट मासे धरायला मला तिने शिकवलं. पण नदीवर नेण्याआधी महिनाभर नुसतं बांधायला लावलं. स्टोनफ्लाय हा किडा पंख फुटण्याआधी दोन-तीन वर्षं नदीच्या तळाशी, दगडांखाली काढतो. त्या अवस्थेतल्या किड्याची प्रतिकृती गळावर दोऱ्याने बांधायची. गळाच्या दांड्यावर आधी जड तार गुंडाळायची, म्हणजे तो तळ गाठतो. शेपटीला हंसाच्या पिसाच्या दोन काड्या, अंगाला तपकिरी लोकर, बाजूंना रबरी पाय. माझा पहिला किडा तिने उजेडात धरला.

"फार देखणा झालाय," ती म्हणाली. "नदीत असं कुणी नसतं. पोट चपटं कर."

आणि तिने पक्कड माझ्या हातात दिली.

नदीवर तिचा एकच आग्रह असे: गळाची दोरी ताणायची नाही, किड्याला तळाच्या दगडांना ठेचकाळत वाहू द्यायचं. "एकही गळ दगडात गमावला नाहीस, तर तू पुरेसा खोल गेलाच नाहीस." हाती लागलेला मासा आम्ही पाण्यातच सोडून देतो. हे मी बचाव म्हणून सांगत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्याकडे हळदीकुंकू होतं. तीही आली होती. कपाळावर कुंकू, हातात तिळगूळ, कोचाच्या कडेला अवघडून बसलेली. कुंकू कमी पडलं म्हणून पत्नीच्या एका मैत्रिणीने कपाटाचा खण उघडला आणि करंड्याशेजारची माझी चपटी डबी उचलली. ती मीच आदल्या दिवशी घाईत तिथे सारली होती.

"अगं बाई! झुरळं!"

डबी पडली. वीसेक स्टोनफ्लाय तबकात, हळदीत, तिळगुळावर पसरले. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. सगळ्या माझ्याकडे वळल्या. आमच्या मंडळात मी सात्त्विक, शाकाहारी गृहस्थ. रविवारच्या शाळेत मुलांना श्लोक शिकवणारा.

"त्या शेजारच्या बाईंचं असेल काहीतरी," मी मराठीत म्हणालो आणि तिच्याकडे हात केला.

तिला मराठीचा एक शब्द येत नाही. हात मात्र कळला. क्षणभर माझ्याकडे पाहून ती उठली. "माझेच आहेत. सॉरी," म्हणत तिने एकेक किडा वेचून डबीत भरला.

"बघा, कपाळाला कुंकू आणि खिशात झुरळं!" कुणीतरी म्हणालं, आणि खोली हसली. वाण न घेताच ती गेली.

रात्री पत्नीने एवढंच विचारलं, "डबी आपली म्हणाला नाहीस ते समजू शकते. पण तिच्याकडे हात का केलास?"

दुसऱ्या दिवशी शेजारणीने डबी परत आणून दिली. "दोन शेपट्या मोडल्यात," म्हणाली. आमचं नदीवर जाणं चालू राहिलं. आमच्या हळदीकुंकवाला ती पुन्हा आली नाही. दरवर्षी पत्नी बोलवी, दरवर्षी उत्तर येई: "तुझ्या मैत्रिणी घाबरतील." त्या खोलीतली तिची जागा मी घालवली होती.

माशांबद्दल मी कुणाचीही माफी मागणार नाही. ज्यांना माझी सात्त्विकता इतकी प्रिय होती, त्यांनी ती खुशाल जपून ठेवावी. मला ती जड झाली होती. या जानेवारीत, बायका येण्याच्या वेळी, जेवणाच्या टेबलाला मी गळ धरायचा चिमटा बसवला आणि सर्वांदेखत बांधायला बसलो.

"भावजी, सणाच्या दिवशी हे काय मांडलंय?"

"किडा बांधतोय. मासे धरायला."

"तुम्ही? म्हणजे कोळीच झालात की!"

"त्यांच्याइतकं कसब आलं, तर अभिमानाने सांगेन. अजून माझे निम्मे गळ दगडांत जातात."

हसू अर्ध्यावर थांबलं. "मग त्या वर्षीची ती झुरळं..."

"माझी होती. मी खोटं बोललो. त्या बाईंनी ते मुकाट्याने स्वतःवर घेतलं."

"आणि शाळेतल्या मुलांना काय सांगायचं?"

"हेच. मी शिकवू नये असं वाटत असेल, तर तसं सरळ कळवा."

पत्नीने माझ्यासमोरची पिसं जरा बाजूला सारून तिथे वाणाचं ताट ठेवलं. मी उठलो आणि शेजारचं दार वाजवलं. भांडी घासता घासता आलेली, कोपरापर्यंत ओली, ती दारात उभी राहिली. "काय झालं? बोटात गळ घुसला?"

तिची-माझी बोलण्याची भाषा इंग्रजी. तीत मी कधी अडखळत नाही; त्या दुपारी अडखळलो. पण थांबलो नाही.

"डबी माझी होती, हे तुला ठाऊकच होतं. मी घाबरलो आणि तुझ्याकडे हात केला. तू मला शिकवलंस, आणि भरल्या घरात मी तुला मान खाली घालायला लावली. आत्ता त्यांना खरं सांगून आलोय. तू ये किंवा येऊ नकोस, मी चुकलो. मला क्षमा कर."