वडिलांचे कान

माझ्या वडिलांनी तीस वर्षं एस.टी. चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली. चालवायची मी, ते शेजारी बसायचे. आम्ही पनवेलला राहायचो आणि मी तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवत होते. आई नव्हती, लग्न मी केलं नव्हतं. घरात आम्ही दोघंच.

गाडीचं सगळं काम वडिलांचे एक दोस्त करायचे. मी त्यांना चाचा म्हणायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका वर्षी ते मुलीकडे मस्कतला गेले होते आणि नेमकं तेव्हाच मागच्या ॲक्सलमधून ऑइल गळायला लागलं. हायवेला एक नवं गॅरेज निघालं होतं, तिथे मी गाडी टाकली. मालक पस्तिशीचा, बोलायला गोड.

दोन दिवसांनी गाडी घेऊन निघालो. ॲक्सिलरेटर दाबला की मागून बारीक, ताणलेला आवाज यायचा, ऊंऽऽ असा. पाय उचलला की बंद. वडील लगेच म्हणाले, "क्राऊन-पिनियन आहे. मागचे दात एकमेकांत नीट बसत नाहीयेत. वळव गाडी."

रविवार होता, गॅरेजवर सात-आठ गिऱ्हाइकं उभी होती. मालकाने गाडी घेऊन एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मला तर काहीच ऐकू येत नाही."

वडील हट्टाला पेटले. तेव्हा तो त्यांच्या कानाशी वाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "आजोबा, काम गाडीचं नाही, तुमच्या कानाचं आहे! मशीन लावा, मशीन!"

लोक हसले. मग तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्हाला येतोय का आवाज?"

मला स्वच्छ आला होता. पण इतक्या पुरुषांसमोर मी गोंधळले आणि म्हणाले, "म्हणजे... थोडासा."

वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी गाडीत बसणंच सोडलं. रेडिओ लावला की विचारायचे, "फार मोठा झालाय का गं?" शेजारी काही बोलले तर न ऐकताच मान हलवायचे. ज्या माणसाने तीस वर्षं इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगितले, तो स्वतःला बहिरा समजायला लागला. त्याला तसं समजायला लावण्यात माझाही हात होता, म्हणून तर माझा संताप इतका विषारी झाला.

महिन्याभराने चाचा परतले. त्यांनी आधी गाडी उभी ठेवून इंजिन नुसतंच रेस केलं. आवाज नाही. म्हणजे इंजिन, पट्टे ठीक. मग रस्त्यावर काढली. दाबलं की आवाज, सोडलं की बंद. "बेटा, तुझ्या अब्बांना बहिरा कोण म्हणाला?" असं पुटपुटतच त्यांनी मागच्या ॲक्सलचा लोखंडी गोळा उघडला. आतली दोन्ही दातेरी चाकं, म्हणजे क्राऊन-पिनियनची जोडी, दोन वेगळ्या गाड्यांची, एकमेकांशी न जुळणारी होती. चाचांनी पूर्वी बसवलेल्या जोडीवर त्यांनी खुणेसाठी ठोकलेले तीन ठिपके होते. ती जोडीच गायब होती.

"नवीन टाकून देतो," चाचा म्हणाले.

"आत्ता नको," मी म्हणाले. "आवाज राहू दे."

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी त्या गॅरेजसमोर हजर झाले. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "बसा, एक फेरी मारू. हा आवाज ऐका, मग तुमची गाडी ह्याच्याकडे टाका." पहिल्या रविवारी मालक हसला. दुसऱ्या रविवारी त्याने शिव्या घातल्या. तिसऱ्या रविवारी कोन गावचा एक टॅक्सीवाला माझ्या खिडकीशी आला.

"बाय, तुमची गारी हितं होती ना, त्याच आठवड्याला यानं माझे टॅक्सीचं पाठचं काम केलं. जोडी नवी हाय बोलला."

मी चाचांना बोलावून आणलं, त्यांनी टॅक्सीचा मागचा गोळा तिथेच उघडला. तीन ठिपके सगळ्यांनी पाहिले. टॅक्सीवाल्याचा चेहरा उतरला. "आता माझं काय?"

"तुमचं तुमच्याकडेच राहू दे," मी म्हणाले. मग मालकाला सांगितलं, "माझ्या गाडीला नवी जोडी आण, चाचा बसवतील. आणि घरी येऊन माझ्या वडिलांना सांग."

तो आला. दारातच उभा राहून म्हणाला, "काका, तुमचे कान बरोबर होते. जोडी मी बदलली."

वडिलांनी रेडिओ बंद केला. मग मला म्हणाले, "पाणी दे त्याला." त्याला खुर्चीत बसवून अर्धा तास ते दोन दातांमध्ये किती फट ठेवायची ते समजावत बसले. मी स्वयंपाकघरात ओठ चावत उभी होते.

जिन्यात तो म्हणाला, "मॅडम, आता रविवारी येऊ नका."

"बघू," मी म्हणाले.

मी गेलेच. गाडी आता बिनआवाज चालायची, ऐकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी नुसती समोर उभी राहायची आणि येईल त्याला घडलेलं सांगायची. शाळेत सांगितलं, वाण्याकडे सांगितलं. असे पाच रविवार.

"पुरे आता," वडील म्हणाले. "त्याने माफी मागितली."

"तुमची मागितली, घरात, एकट्याने. हसली होती ती माणसं तिथे आहेत."

गणपतीच्या आधी गॅरेज बंद पडलं. तो बायको-मुलांना घेऊन सुरतेकडे गेला, असं चाचांनी सांगितलं. वडील माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कामासाठी बोलले, पण तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

त्या जागेवर फरशीचं दुकान आलं. तिथून जाताना मी कित्येक वर्षं गाडी सावकाश करायची. कधीतरी वाईट वाटेल, असं वाटायचं. अजून तरी वाटलेलं नाही.