स्थिरावण्याआधीचा आकडा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलगी अधूनमधून विचारायची, "बाबा, आईनं ते सुयांचं कावून सोडलं?" मी म्हणायचो, "फरक पडत नव्हता." ते खोटं होतं. फरक पडत होता आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता.

माझ्या बायकोचे हात गार पडत. थंडीत सगळ्यांचे पडतात तसे नाही. भिलाईची थंडी ती केवढी, दिवाळीनंतर दोन-अडीच महिने. पण तेवढ्यात तिची बोटं आधी कागदासारखी पांढरी होत, मग निळसर, आणि रक्त परत आलं की अशी ठणकत की हातातली वाटी खाली पडे. चहाचा ग्लास ती दोन्ही हातांनी धरून बसायची, चहा पार निवेपर्यंत, आणि मग तो निवलेला चहा पिऊन टाकायची. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या रक्तवाहिन्या आखडतात, घाबरण्यासारखं काही नाही, हातमोजे घाला. मी स्टील प्लांटमधले जाड हातमोजे काढून दिले. ते घालून ती हुडको कॉलनीतल्या आमच्या घरासमोर कपडे वाळत घालत होती, तेव्हा शेजारीण ओरडली, "काकू, फर्स्ट शिफ्ट काय आज?"

"हाव न. साहेब रिटायर झाले, आता माही ड्युटी लागली भट्टीवर."

माझी सगळी नोकरी भट्टीचं तापमान मोजण्यात गेली. पोलाद ओतण्याआधी लांब नळीच्या टोकाला तापमापक लावून ती वितळलेल्या रसात बुडवायची. आकडा धावत वर चढतो, डळमळतो, मग एका जागी थांबतो. थांबला तोच खरा. त्याआधीचे आकडे कोणी धरत नाही. नवीन असताना मी एकदा चढता आकडाच ओरडून सांगितला होता. माझे फोरमन म्हणाले होते, "धावणाऱ्या माणसाची उंची मोजतो काय रे?" ते वाक्य माझ्यात असं बसलं, की घरातल्या भांडणातही मी समोरच्याचं पहिलं बोलणं सोडून देत असे. स्थिर झालं की काय ते बोला.

सुयांची गोष्ट तिनेच काढली. दुर्गला रेल्वे क्वार्टरमध्ये तिची मावसबहीण राहायची. तिचे गुडघे म्हणे अ‍ॅक्युपंक्चरने हलके झाले.

"सुया टोचून?" मी विचारलं.

"हाव."

"गुडघ्याचा अन् हाताचा काय संबंध?"

"तुमाले समजत नाही, तर चाला न पाहाले. घरी बसून काय करून राहिले?"

गेलो. खरं सांगायचं तर मलाच जास्त उत्सुकता होती. भिलाईतल्याच जुनवानी भागात एका दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या. डॉक्टरीण चाळिशीच्या आतली, रायपूरकडची, हसरी. तिने बायकोला पलंगावर निजवलं आणि दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी बघत बसली. ही नाडी साधी नव्हे. आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट ती आपल्या हातात घेऊन दाबून पाही. तोंडाने गप्पा चालूच. "आंटी, खाना कौन बनाता है? बर्तन ठंडे पानी से धोते हो?" बायकोचं हिंदी बाजारापुरतं, पण ती भडाभडा बोलत होती. मग केसासारख्या बारीक सुया निघाल्या. प्रत्येक सुई प्लास्टिकच्या नळीतून येई. नळी कातडीवर टेकवायची, वरून टिचकी मारायची. अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटावर, पायाच्या घोट्याजवळ. बायको डोळे घट्ट मिटून होती. तिला सुई बघवत नसे.

जिना उतरताना म्हणाली, "पाहा बरं हात." आणि हात पुढे केला. मी तो धरला नाही. रस्त्यात बायकोचा हात धरायची आमच्याकडे रीत नव्हती. घरातही नव्हती, माझी आई होती तोवर. नंतर सवय लागली नाही. मी म्हणालो, "असं हातानं कळत नसते. मोजावं लागते."

सिविक सेंटरच्या बाजारातून मी एक लहान तापमापक आणला, फ्रीज दुरुस्त करणारे वापरतात तसा, वायरच्या टोकाला दाण्याएवढा सेन्सर असलेला. पुढच्या वेळी तो दाणा कागदी पट्टीने तिच्या बोटाला चिकटवला आणि डबी माझ्या मांडीवर घेऊन बसलो. डॉक्टरणीला गंमत वाटली. "अंकल, ये भट्टी नहीं है।"

आता मी काय पाहिलं ते नीट सांगतो. डॉक्टरीण नाडी बघायला बसली तशी आकडा चढू लागला. दाणा होता त्या बोटाला तिचा हात लागला नव्हता, तरी हळूहळू चढला, चांगला चढला. मी पाहत होतो. माझ्या मनाने लगेच खूण केली, यंत्र स्थिरावतंय, हे सोड. डॉक्टरणीने हात काढला, आकडा थांबला. तो मी 'सुरुवात' म्हणून धरला. मग सुया लागल्या. त्या काढेपर्यंत आकडा जवळपास तिथेच राहिला, उलट थोडा उतरला. हे दर खेपेला झालं. माझा निकाल तयार होता. सुयांनी काही होत नाही.

पण बायको म्हणत होती, बरं वाटतं. कणीक भिजवताना बोटं पांढरी पडत नव्हती. सकाळी न कण्हता तांदूळ धूत होती. हे मला खटकत होतं. म्हणून मी डॉक्टरणीला बाजूला घेऊन म्हणालो, एकदा नुसत्या रिकाम्या नळ्या टेकवा, टिचकी मारा, सुई नको.

तिला ते पटलं नाही. "आंटी को बताना चाहिए, अंकल।"

"बता दिया तो जाँच कैसी?"

तिचा आपल्या सुयांवर भरवसा होता. "ठीक है, उनको खुद समझ में आ जाएगा," म्हणाली. आणि तसं केलं. नाडी मात्र नेहमीसारखी बघितली. बायको डोळे मिटून पडली होती. जिना उतरताना म्हणाली, "आज तर बहुतच छान वाटलं. सगळ्यात छान."

तिथेच सांगितलं असतं तर कदाचित दोघंही हसलो असतो. मी ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगितलं. घर बायकांनी भरलेलं. ती एकेकीचा हात धरून तिळगूळ देत होती. एक म्हणाली, "तुहे हात तर गरम लागून राहिले! कोण डॉक्टर होय? आमालेबी पत्ता दे." बायकोच्या तोंडावर असा आनंद मी फार दिवसांनी पाहिला. ती पत्ता सांगत होती, तेवढ्यात मी आतल्या खोलीच्या दारातून म्हणालो, "पैसे वाया घालू नका. मागच्या खेपेला हिले एकही सुई टोचली नव्हती. रिकाम्या नळ्या होत्या. मीच सांगतलं होतं डॉक्टरणीले. अन् ही म्हणे, सगळ्यात छान वाटलं!"

बायका हसल्या. "भाऊजी भल्ले खट्याळ हाय," कोणीतरी म्हणालं. तीही हसली आणि पुढचीला तिळगूळ दिला.

सगळ्या गेल्यावर कुंकवाचा करंडा बंद करताना तिने एवढंच विचारलं, "एकही नव्हती?"

"एकही नाही."

"मंग मले बरं वाटलं ते काय होतं?"

"मनाचे खेळ."

"असन," ती म्हणाली.

ती जुनवानीला परत गेली नाही. आणि त्यानंतर आपले हात गार पडतात, असं ती माझ्यासमोर कधी म्हणाली नाही. वाटी हातातून पडली की म्हणायची, साबण लागला होता.

काही हिवाळे गेले. मी रक्त तपासायला गेलो होतो. थंडीने शीर सापडेना. तिथल्या बाईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि "कहाँ के हो, घर में कौन-कौन है" असं विचारत बसली. थोड्या वेळाने दुसऱ्या हाताची बोटंसुद्धा उबदार झाली. आणि मला मांडीवरच्या डबीतला तो चढता आकडा दिसला. सुयांनी काही होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. माझी चाचणी ते सांगण्याइतकी चांगलीच नव्हती. पण तिचे हात गरम होत होते, सुयांच्या आधी, कोणीतरी ते धरून तिच्याशी बोलत होतं तेव्हा. मनाचे खेळ नव्हते ते. बोटाचं तापमान होतं. मी टाकून दिलेलं.

घरी आलो तेव्हा ती चहाचा ग्लास धरून ओट्याशी उभी होती. सांगायचंच म्हणून आलो होतो. तिने विचारलं, "रिपोर्ट कवा भेटन?" मी म्हणालो, उद्या. मग ते उद्यावरच राहिलं.

मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात दुपारची भेटायची वेळ होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. बर्फासारखा होता. तिच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला चिमटा होता, त्याची वायर आकडे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्याला लावलेली. तिने डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला वाटलं, मी मोजतोय.

"किती आला?" तिने विचारलं.

मी पडद्याकडे पाहिलं. "ठीक आहे. स्थिर आहे," म्हणालो.

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. हात मी सोडला नव्हता. वेळ संपल्याचं सांगायला नर्स येईपर्यंत मी धरूनच होतो, आणि तोंडात शब्द होते, तयार होते, पण बाहेर पडले नाहीत. तवा तुहे हात खरंच गरम झाले होते. मी पाहिलं होतं. मी चुकलो.