डोंग्यातला सदरा
परवा गावच्या रस्त्यावर डांबर तापत होतं आणि त्या वासानं मी मनानं पुन्हा तलावाच्या काठावर जाऊन बसले. तेव्हा नवरा बुडून महिनाही झाला नव्हता. ज्या फुटक्या डोंग्यानं त्याला नेलं, तोच पालथा घालून माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, दुरुस्त करत होते. मासे तर धरायचेच होते. नवं वल्हं, नवं जाळं बाजूला तयार होतं, चुलीवर डांबर खदखदत होतं. भेग बुजवायला चिंध्या कमी पडल्या, तेव्हा ते घरात गेले आणि खुंटीवरचा त्याचा सदरा घेऊन आले. घामाचा वास जाऊ नये म्हणून मी तो धुतलाच नव्हता. पण भासऱ्यांशी सुनेनं बोलायचं नसतं, म्हणून मी पदर दातात धरून बसले. सदरा टराटरा फाडत ते म्हणाले, "भेग बुजव म्हनून किती सांगतलो त्याले, आयकलाच नाई. आता त्याचाच सदरा कामी येऊन राह्यला." एकेक चिंधी डांबरात बुडवून त्यांनी भेगेत ठोकली आणि उरलेल्या कॉलरला हात पुसले. डोंगा पुन्हा कधी गळला नाही, सगळं घर त्याच्यावर जगलं. मी मात्र अजून नवऱ्याचा वास आठवायला गेले की नाकात डांबरच शिरतं.