बांजाच्या पानातली अळी आणि खिमुली काखीचं डालं

आमची खिमुली काखी, म्हणजे काकी, एकदा बोलली की बोलली. नवी नवरी होऊन आमच्या पहाडी गावात, सिलौनीत, आली तेव्हा सासरे म्हणाले होते, सून कसली, दगड आणलाय घरात. आणि ही पदराआडून म्हणते, "बरंच झालं की, पायऱ्या मोडक्याच आहेत तुमच्या." अशी बाई. यंदा माघात गेली. तिच्या चुलीपाशी अजून कुणी बसत नाही, बसलं की वाटतं आता ओरडेल, एवढं लाकूड कशाला घातलंस म्हणून.

तर जंगलाचं सांगायचं. गावाच्या वर बांजाची, पहाडी ओकाची, झाडं आहेत. गुरांचा पाला तिथला, गोठ्यात खाली पसरायची वाळली पानं तिथली, आणि खालच्या नौल्यात, दगडी कुंडात, जे पाणी झिरपतं ते पण त्याच मुळांतून. पण सगळ्यांनी ओरबाडून ओरबाडून झाडांचे नुसते खांब केले होते. नौल्यात कळशी बुडेना, वाटीनं भरायची पाळी आली. तेव्हा काखीच देवीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, जंगल भगवतीला चढवायचं. चढवलं म्हणजे पाच वर्षं ते देवीचं, आपलं नाही.

इतर गावं चढवतात तेव्हा विळा-कुऱ्हाड बंद करतात, बस. काखीला अर्धं काही जमलंच नाही कधी. ती म्हणाली, "विळा नाही, कुऱ्हाड नाही, आणि खराटा पण नाही. पडलेलं पानसुद्धा देवीचं." तिच्यापुढं कोण बोलणार? कडेच्या झाडांना लाल चिरगुटं बांधली, तांदूळ वाहिले, झालं.

आणि फुटलं ना जंगल. खांबांना फांद्या आल्या, नौला भरला. काखी पाण्याला जाताना अशी चालायची की जणू स्वतः विहीर खणून आलीय.

मग एका वर्षी पानं बिघडली. हिरव्या पानावर आधी फिकट रेघ, मग फोड आल्यासारखा तपकिरी डाग, वरची कातडी सुटलेली, आत अळी. बघता बघता अख्खी झाडं भाजल्यासारखी दिसायला लागली.

काखीची धाकटी जाऊ गोपुली, तिची जीभ म्हणजे भांगाच्या बियांची झणझणीत चटणी. नौल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "दिदीनं जंगल देवीला दिलं, देवीनं अळीला दिलं. आता अळीकडनं मागून घे, दिदी."

दीर परतापसिंह वेगळंच म्हणत होता. "बौजी, देवी कोपलीय. रोगट फांद्या छाटून जाळू, नाहीतर सगळंच वाळेल. येत्या मंगळवारी देवळात ठरवून टाकू." गावातले निम्मे त्याच्या बाजूनं झाले. छाटायची म्हणजे सगळीच छाटायची, कारण बरं झाड उरलंच नव्हतं. पुन्हा खांब, पुन्हा वाटीनं पाणी.

मंगळवारच्या आधी काखी एकटीच देवळात गेली. अंगणात एक जुना बांज आहे. तो हिरवागार. काखी त्याच्याकडं बघत बसली तेवढ्यात पुजाऱ्याची बायको आली, रोजच्यासारखं अंगण झाडलं, पानं पदरात भरून आपल्या गोठ्याकडं निघाली.

"भाग्यवान झाड आहे तुझं," काखी म्हणाली.

"भाग्य कसलं, कंबर मोडते माझी."

काखी उठली ती सरळ जंगलात. वाळल्या पानांत पाय नडगीपर्यंत रुतला आणि राखेची चिमूट उडावी तशी बारीक रुपेरी पाखरं उठली. तिनं एक पान उचललं, डागावरची कातडी नखानं सोलली. आत, पानाच्या दोन कातड्यांच्या मधे, इवलीशी अळी गुंडाळून झोपलेली. दुसरं सोललं, त्यात पण. पूर्वी ही पानं गोठ्यात जायची, शेणामुतात तुडवली जायची, कुजायची. आता ती झाडाखालीच साठत होती आणि अळीला उबदार पांघरूण मिळत होतं. पांघरूण घातलं कुणी? काखीनंच.

घरी आली, मडुव्याची भाकरी पुढं तशीच ठेवली. काका म्हणाले, "काय झालं?"

"माझं चुकलं."

काकांच्या हातातली चिलीम खाली आली. संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. म्हणाले, "ताप आहे का बघू."

मंगळवारी परतापसिंह कुऱ्हाडीला धार लावून आला होता. काखी सगळ्यांच्या पुढं गेली, देवीसमोर तांदूळ ठेवले. "आई, देताना मी जास्त बोलले. विळा-कुऱ्हाड तुझ्याकडंच राहू दे. अळी पडल्या पानांतच पोसतेय, खराटा तेवढा परत दे. राग आला तर माझ्या घरावर काढ, गावावर नको."

मग वळून म्हणाली, "सासऱ्यांनी दगड म्हटलं होतं मला. दगड आज सरकला म्हणा."

"आणि बौजी, तरी अळी नाही थांबली तर?" परतापसिंहानं विचारलं.

"तर तुझी कुऱ्हाड आहेच. पहिला घाव मी घालीन."

कुणी जागचं हललं नाही. देवीचं पान उचलायची हिंमत कुणाला? काखीनं डालं पाठीला लावलं, जंगलात गेली, भरून आणलं आणि आपल्या गोठ्यात, व्यायला आलेल्या गाईखाली पसरलं. सगळं गाव त्या गाईकडं डोळे लावून बसलं. गोपुली येऊन येऊन बघायची. गाय व्याली, पाडी उड्या मारायला लागली, तेव्हा पहाटे काखीच्या दारात खराटा वाजला. गोपुली होती.

"चल दिदी, का एकटीच सगळं पुण्य गोठ्यात भरणार?"

मागं अख्ख्या वाडीतल्या बाया.

वसंतात नवी पालवी आली, खालून पांढरी, लोकरीसारखी. डाग होते, पण शोधावे लागत होते. काखी म्हणायची, थोडी राहणारच, तिलाही पोट आहे. कुऱ्हाड परतापसिंहाच्या छपराला टांगलेलीच राहिली. पुढं दोनदा जंगल चढवलं, दोन्ही वेळा काखीनंच देवीला सांगितलं, खराटा आमचा. पानं झाडायच्या दिवशी पहिलं डालं तिचंच.

यंदा पानं गळाली तेव्हा बाया जंगलाच्या कडेला चिरगुटांपाशी येऊन नुसत्या उभ्या. पहिलं कोण भरणार? काखीचं डालं गोपुली घरून घेऊन आली होती. पट्टा कपाळाला लावला, वाकली, आणि पानं भरता भरता पुटपुटत होती, "केवढं मोठं डालं विणून ठेवलंय बाईनं. अर्धं काही जमायचंच नाही."

शिगोशीग भरलं. मग बाकीच्या आत गेल्या.