सुट्टीतली ओली भिंत

रंगाऱ्याच्या बायकोनं निघताना एक आगाऊपणा केला. नवऱ्यानं कपड्यांवर नीट ठेवलेला रुंद ब्रश तिनं बॅगेतून हळूच काढला आणि कपाटामागे सारला. का? तर समुद्रकाठच्या लॉजवर तिची धाकटी बहीण आणि तिचा नवराही येणार होते. सगळे मजा करणार आणि आपला माणूस कोरडा ब्रश घेऊन भिंतीपुढे उभा! चारचौघांत शोभा व्हायची.

तो कोरडा ब्रश म्हणजे रंगाऱ्याचा व्यायाम. उजवा खांदा आखडून बसला होता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "हात रोज वर न्यायचा. सुट्टीबिट्टी खांद्याला कळत नाही. खंड पडला तर केलेलं सगळं पाण्यात." नुसता हवेत हात हलवायचा त्याला भारी कंटाळा, म्हणून तो कोरड्या ब्रशनं घरची भिंत रंगवायचा. छातीशी अडणारा हात आता कपाळाच्या वर जाऊ लागला होता. पण ठेकेदार म्हणाला होता, "हात सरळ वर जाऊन दंड कानाला टेकला तर शाळेची छतं तुझी. नाहीतर तू आपला दारं-खिडक्या बघ." आयुष्यभर छतं रंगवलेल्या माणसाला दारं-खिडक्या! त्या दिवशी तो धड जेवलासुद्धा नव्हता. बायकोला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण लाज आडवी आली.

लॉजवर पहिल्या सकाळी तो ब्रश कुठाय म्हणून विचारेल, या धास्तीनं ती चादरीच्या घड्या घालत बसली. त्यानं काही विचारलंच नाही. न्हाणीघरातली रबरी चप्पल घेतली, साबणानं धुतली, पुसली आणि लागला की भिंत रंगवायला! खालून वर, वरून खाली, एकावर एक पट्टा.

तेवढ्यात साडू दार ढकलून आत आले. "काय हो, झुरळं मारताय?" म्हणत भिंतीला टेकणार, तोच रंगारी सवयीनं ओरडला, "अहो टेकू नका, ओली आहे!"

झालं! साडू हसता हसता खाटेवर आडवे झाले. मग दिवसभर तेच. जेवायला बसले की "खुर्ची वाळली का?", वाळूत बसले की "वाळूला दुसरा हात मारायचाय का?" बहीणही खिदळायची. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हा पठ्ठ्या? सगळ्यांबरोबर खो खो हसायचा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चप्पल घेऊन हजर.

एका दुपारी भरपेट जेवून सगळे लवंडले. बायकोचा डोळा लागला नव्हता. तिनं पाहिलं, तो भिंतीशी उभा होता. हात वर जाऊन एका जागी अडायचा, तो दात-ओठ खाऊन रेटायचा, डोळ्यांत पाणी यायचं, बाहीला पुसायचा आणि पुन्हा खालून सुरू. घरी तो व्यायाम करायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. केवढा सोसतो हा माणूस, आणि आपण काय केलं!

ती उठून जवळ गेली. "अहो, ब्रश मी काढला होता."

"माहितीये," तो मागे न वळता म्हणाला. "कपाटामागून दांडा दिसत होता."

"मग घेतला का नाहीत?"

"तुला लाज वाटत होती ना? म्हटलं, राहू दे. भिंती काय, सगळीकडे असतात."

तिनं त्याचा खांदा शेकून दिला. त्या दिवसापासून तीच चप्पल धुऊन त्याच्या हातात देऊ लागली.

निघायच्या सकाळी बॅगा दाराशी आल्या, तरी रंगारी भिंतीपाशीच होता. बायको शेजारी उभी राहून वर बघत होती. "वरची कड राहिलीय हो," ती म्हणाली. "अजून थोडं."

त्यानं श्वास घेतला. हात चढत गेला, नेहमीच्या जागी अडला, थरथरला आणि अडलेली जागा ओलांडून सरळ वर गेला. दंड कानाला टेकला. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"चला की, गाडी सुटेल!" म्हणत साडू आत आले आणि बॅग उचलण्याआधी भिंतीला पाठ टेकायला गेले.

"भाऊजी, सरका तिकडे," बायको डोळे पुसत कडाडली. "भिंत ओली आहे!"